पूलभेट, मुक्काम पोस्ट पुणे

उत्तरेश्वर वरुटे यांना एका माणसाच्या पुढे एक पाऊलही टाकायचं नव्हतं. आयुष्यात एवढीच महत्त्वाकांक्षा शिल्लक होती. जागतिकीकरण आलं असं सांगून कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती दिली, तेव्हापासून पुढे जाण्याचा प्रश्न तसाही मिटला होता. पण हे पाऊल वेगळं होतं. ते समजायला आधी भीमेकाठी जायला हवं. फार वेळ लागणार नाही, लगेच पुण्याला परत येऊ.

भीमेच्या एका काठावर चिंचोळे, दुसऱ्या काठावर हुणशाळ. मधे पूल, आणि पुलाच्या मध्यावर हद्दीचा दगड. दगडाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. नगरपालिका दोन, एसटी स्टँड दोन, पाट्यांच्या लिप्या दोन. माणसं मात्र एकच. तेच कोष्टी, तेच माग, तीच चौडेश्वरी आणि तीच भांडणं. मराठीत सुरू झालेलं भांडण पुलावर पोचेपर्यंत कानडीत जातं, जोर तेवढाच राहतो. चिंचोळ्यात वीज गेली की अर्धं गाव क्रिकेटची मॅच बघायला शेजारच्या राज्यात मावशीकडे जातं. दोन्ही गावं स्वतःला अल्याड आणि समोरच्याला पल्याड म्हणतात. हा मुद्दा अजून सुटलेला नाही आणि सुटावा असं कुणाला वाटतही नाही.

इतक्या एकजीव समाजात लग्नं अर्थातच आरपार होतात. पण लग्न ठरवायला कुणी कुणाच्या दारात जायचं? जो गेला तो लहान झाला. म्हणून 'पूलभेट'. दोन्हीकडची वडीलमंडळी ठरल्या वेळी आपापल्या टोकाकडून निघतात, दगडापाशी थांबतात, दगडावरून गूळखोबऱ्याची पुडी देतात, घेतात, आणि आल्या वाटेनं परत फिरतात. तोवर दोन्ही बापांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. नवरानवरीनं तिथं फिरकायचं नाही. आणि मुख्य म्हणजे दगड ओलांडायचा नाही. ज्याचं पाऊल आधी पलीकडे पडलं, तो घरदारासकट 'ओलांडलेला'. त्यानं समोरच्याच्या घरी जाऊन चहापाणी घेतल्याशिवाय परत फिरायचं नसतं. चहापाणी एकदाच होतं, टोमणे पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

उत्तरेश्वररावांचे वडील ओलांडलेले होते. तेही उत्तरेश्वररावांच्याच पूलभेटीत. पुडी घ्यायला वाकताना पायातली चप्पल सटकली आणि ती सावरायला त्यांचा पाय कर्नाटकात गेला. पत्नी शालन ही त्याच कर्नाटकातली, हुणशाळची. तीस वर्षं संसार उत्तम झाला. पण आमटीत मीठ जरा जास्त पडलंय असं उत्तरेश्वररावांनी कितीही दबकत सुचवलं, तरी ओट्यापाशी पाठ करून उभी असलेली शालन शांतपणे म्हणायची, "ज्यांच्या घराण्याला चप्पल सांभाळता आली नाही, त्यांनी मिठाचं बोलू नये."

तर, पुणे. साल दोन हजार सहा. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमधे रविवारचे पोहे चालले होते. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत असलेली मुलगी श्रद्धा म्हणाली, "बाबा, मला एक मुलगा आवडलाय."

उत्तरेश्वररावांचा घास अडकला.

"माझ्याच टीममधे आहे. अभिनव म्हेत्रस."

घास सुटला. "म्हेत्रस? शनिवार पेठेतले? शरच्चंद्र म्हेत्रसांचा? हुणशाळचे?"

"हो. पण गावाचं मला नंतर कळलं हं, प्रॉमिस."

उत्तरेश्वरराव बशी घेऊन उभेच राहिले. अख्ख्या हिंदुस्थानातली पोरं हिंजवडीत येऊन पडलेली असताना मुलीनं नेमका पुलापलीकडचा मुलगा गाठला होता! म्हेत्रसांना ते ओळखत होते. ओळखत म्हणजे लक्ष्मी रोडवरच्या त्यांच्या साड्यांच्या दुकानात बसलेले पाहून. पुण्यात चिंचोळेकरांचं मंडळ वेगळं आणि हुणशाळकरांचं वेगळं. दोघांचं स्नेहसंमेलन एकाच दिवशी एकाच कार्यालयात होई, मजले वेगळे. जेवणाची पंगत एकच, कारण आचारी एकच.

"माझ्या माहेरचं स्थळ!" शालन म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला, जणू तिच्याकडचं कुणीतरी निवडणूक जिंकलं होतं.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत उत्तरेश्वररावांच्या आत्या दुर्गाबाई होत्या. ऐंशी कधीच ओलांडलेली. तेवढीच एक गोष्ट त्यांनी ओलांडली होती, असं त्या स्वतः सांगत. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "पूलभेट कदी?"

इथं गाडं अडलं. गावाकडचा पूल बंद होता. चिंचोळ्याकडच्या ठेकेदारानं अलीकडचा अर्धा पूल दुरुस्तीला काढला होता. तो पुरा झाला की हुणशाळकडचा ठेकेदार उरलेला अर्धा काढणार होता. दोघांनी एकदमच का काढला नाही असं ज्याला वाटतं, त्यानं सीमाभाग पाहिलेला नाही.

"मग थांबा," दुर्गाबाई म्हणाल्या.

"आजी, थांबता नाही येणार!" श्रद्धाचा आवाज चढला. "अभिनव नेक्स्ट मंथ ऑनसाइट चाललाय. डॅलसला. दोन वर्षं. त्याच्या बाबांनी सांगितलंय, पूलभेट झाली तर साखरपुडा करून जा, नाहीतर मुलगी बघायचं आमच्यावर सोड. त्यांनी एक डेंटिस्ट बघून पण ठेवलीय!" रोज अमेरिकेतल्या साहेबांशी फोनवर हुज्जत घालणारी ही मुलगी बोलताबोलता रडकुंडीला आली. उत्तरेश्वररावांना ते बघवेना.

दुर्गाबाईंनी एक डोळा उघडला. "पुन्याला नदी हाय म्हनता न्हवं?"

"आहे म्हणतात," उत्तरेश्वरराव म्हणाले.

"पूल हायती?"

"पुष्कळ. नदी कमी पडेल एवढे."

"तुमी ऱ्हाता कोथरूडात, नदीच्या ह्या अंगाला. त्ये ऱ्हात्यात शनवारात, त्या अंगाला. मग अडलंय कुटं? पूल म्हंजे पूल. खालनं पानी पायजे आन मधी हद्द पायजे. बास."

उत्तरेश्वररावांच्या अंगावर काटा आला. पोरीचं लग्न होणार, ते तर होतंच. पण त्याबरोबर घराण्याच्या चपलेचा डागही पुण्याच्या पाण्यानं धुऊन निघणार! त्याच संध्याकाळी ते बाजीराव रस्त्यावर गेले आणि नाडीचे बूट घेऊन आले. सटकायचा प्रश्नच नको.

अशा गोष्टी गुप्त ठेवायच्या असतात. म्हणून त्यांनी फक्त सोसायटीचे सेक्रेटरी परचुरे यांना विश्वासात घेतलं. परचुऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लकडी पुलावर करणार असाल तर संध्याकाळी करा. तेव्हा तिथं कुणीच कुणाला ओलांडू शकत नाही. सगळे जागच्या जागी असतात."

"आणि सकाळी?"

"सकाळी मधोमध उभे राहिलात तर लग्नाऐवजी दुसरे विधी करावे लागतील. झेड ब्रिज बघा. तिथं फक्त दुचाक्या. लोक तासन्‌तास बसलेले असतात, अजून कुणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. निदान लगेच तरी."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला उत्तरेश्वरराव मोजमापाची टेप खिशात घालून झेड ब्रिजवर गेले. कठड्याला लावलेल्या दुचाक्यांवर जोडपी ओळीनं नदीकडे तोंड करून बसली होती. उत्तरेश्वरराव डेक्कनच्या टोकाकडून टेप अंथरत निघाले. "जरा पाय घेता का? थोडं मागे सरका. नाही नाही, चालू द्या तुमचं."

"काका, ब्रिज पाडणारेत का?" हेल्मेट मांडीवर घेतलेल्या एका मुलानं काळजीनं विचारलं.

"छे! मी फक्त मध्य शोधतोय."

"मध्य इथंच आहे, काका," त्याच्या शेजारची मुलगी गंभीरपणे म्हणाली. "आम्ही लवकर येऊन पकडतो."

इतक्यात नारायण पेठेकडच्या बाजूनं एक टोपीवाले गृहस्थ खाली वाकत, एक, दोन पुटपुटत येताना दिसले. हातात कापड मोजायची लोखंडी मीटरपट्टी. लक्ष्मी रोडच्या साडीवाल्याच्या सफाईनं ते कठडा मोजत होते, प्रत्येक मीटरला अंगठ्याएवढं आखडून घेत. ती सवय हाताची असते, मनाचा त्यात दोष नसतो. दोघं एकमेकांपासून दुचाकीच्या लांबीवर येऊन थबकले. शरच्चंद्र म्हेत्रस!

बोलायचं तर नव्हतं. उत्तरेश्वररावांनी आकाशाकडे पाहिलं. म्हेत्रसांनी नदीकडे पाहिलं. मग उत्तरेश्वरराव त्या मुलीला म्हणाले, "बाळ, त्या गृहस्थांना विचार, त्यांचा मध्य कुठं येतो?"

"काका, ते विचारतायत तुमचा मध्य कुठं येतो?"

"त्यांना म्हणावं," म्हेत्रस त्या मुलाला म्हणाले, "आमचा मध्य तुमच्या मागच्या चाकापाशी येतो."

"आणि आमचा पुढच्या चाकापाशी येतो म्हणावं."

"मग ते टेप धरायला चुकले म्हणावं."

"कापडात चालतं ते पुलात चालत नाही म्हणावं!"

मुलगा आणि मुलगी निरोप देऊन देऊन दमली. शेवटी मुलगा म्हणाला, "आम्हीच उठतो, तुम्ही बसा दोघं. आम्हाला वाटलं आमचंच प्रकरण अवघड आहे."

त्या रात्री अभिनवचा श्रद्धाला एसएमएस आला आणि श्रद्धानं तो मोठ्यानं वाचला: "बाबा म्हणतात तुझे बाबा हट्टी आहेत." उत्तरेश्वररावांना गहिवरून आलं. व्याह्याकडून आलेला हा पहिला निरोप होता. दुर्गाबाई मात्र म्हणाल्या, "मध्यावर वाद हाय म्हंजे तितं हद्द न्हाई. दुसरा पूल बगा."

हद्द हवी होती. ती कचेरीत सापडेल असं परचुऱ्यांचं मत पडलं. एवीतेवी परवानगी लागणारच. उत्तरेश्वरराव एका कचेरीतून दुसरीत आणि दुसरीतून पुन्हा पहिलीत असे दोन दिवस फिरले. अखेर एका खिडकीपलीकडच्या साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. स्टूल नव्हतं, पण सांगितलं.

"पुलावर काय करायचंय? मिरवणूक?"

"नाही."

"शूटिंग?"

"नाही हो. दोन कुटुंबं दोन बाजूंनी येणार, मधे थांबणार, परत जाणार."

साहेबांनी विचार केला. "दोन्हीकडून लोक येणार, रस्त्यात थांबणार, काहीही न करता परत जाणार. मोर्चा आहे हा."

"मोर्चा?"

"मोर्चाच. मागणी काय आहे?"

"मागणी..." उत्तरेश्वरराव संकोचले. "मागणी मुलाकडून आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि 'मोर्चा, शांततामय' असा शेरा मारला. मोठ्या पुलांवर मोर्चाला मनाई होती. भिडे पूल चालणार होता. नदीपात्रातला तो बुटका, कठड्याबिठड्यांची ऐट नसलेला पूल. पाणी सोडलं की मुकाट्यानं बुडतो, ओसरलं की वर येतो. पण उत्तरेश्वररावांचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण साहेब पुढे म्हणाले होते, "दोन्ही चौक्यांना कळवा. अर्धा पूल डेक्कनकडच्या चौकीचा, अर्धा पेठेकडच्या. मधे त्यांची हद्द आहे."

"हद्द!" उत्तरेश्वरराव इतक्या जोरात ओरडले की रांगेतल्या माणसांनी पिशव्या सांभाळल्या.

रविवार ठरला. जुलै अर्धा सरला होता, घाटात पाऊस जोरात होता. श्रद्धा आणि अभिनव यांना आपापल्या घरी बसण्याची सक्त ताकीद मिळाली. दुपारी उत्तरेश्वरराव, इस्त्रीचा झब्बा आणि नवे बूट. शालन, इरकली नेसून. दुर्गाबाई, प्लॅस्टिकच्या खुर्चीत. आणि ती खुर्ची उचलायला, "मी फक्त बघायला येतोय" असं तीनदा सांगून आलेले परचुरे, असे सगळे भिडे पुलाच्या डेक्कनकडच्या टोकाशी पोचले. समोरच्या टोकाला म्हेत्रस, त्यांच्या पत्नी चंपाबाई आणि हुणशाळ मंडळाची चारपाच वडीलधारी माणसं उभी होती. दुरूनही त्यांच्या टोप्या ताठ दिसत होत्या.

आणि अलीकडच्या अर्ध्या पुलावर दोरी बांधलेली होती.

"बंद आहे," दोरीपाशी उभे असलेले हवालदार म्हणाले. "खडकवासल्यातनं पाणी सोडतायत."

"पण पलीकडचा अर्धा तर चालू दिसतोय!"

"तो त्यांच्या हद्दीत आहे. त्यांना आदेश आला नसेल."

उत्तरेश्वररावांना गावाची इतकी तीव्र आठवण झाली की डोळे पाणावले. तिकडे म्हेत्रसांचा जथा मध्यापर्यंत येऊन ठाकला होता. वेळ टळली आणि चिंचोळेकर आलेच नाहीत, असं एकदा हुणशाळात पसरलं की संपलं. मग डॅलस, मग डेंटिस्ट.

"साहेब, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे!"

हवालदारांनी परवानगीचा कागद पाहिला. "इथं तर मोर्चा लिहिलंय."

"लगीन मोर्चाच अस्तुया, बाळा," खुर्चीतून दुर्गाबाई म्हणाल्या. "तुजं झालंय न्हवं?"

हवालदारांनी कागद घडी करून परत दिला. मग दोरी वर उचलून म्हणाले, "लवकर उरका, आजी."

ते निघाले. मधोमध पलीकडच्या चौकीच्या हवालदारांनी खडूनं रेघ मारून ठेवली होती. अलीकडच्या हवालदारांनी ती बघून, "तुमची रेघ आमच्याकडे आलीय," असं म्हणत बुटानं पुसून वीतभर पलीकडे मारली. दोघांची थोडी बाचाबाची झाली. उत्तरेश्वररावांनी ती कान देऊन ऐकली. एखाद्याला सतार ऐकून व्हावा तसा आनंद त्यांना होत होता.

अखेर रेघ पक्की झाली. वरुटे रेघेच्या अलीकडे, म्हेत्रस पलीकडे. बुटांची टोकं रेघेपासून बोटभर दूर. वर झेड ब्रिजवर पूर बघायला गर्दी लोटली होती. पूर यायला अवकाश असल्यामुळे सगळे यांनाच बघत होते. त्यात एका खांबाआड श्रद्धा आणि अभिनव उभे होते, हे शालननं केव्हाच पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

उत्तरेश्वररावांनी झब्ब्याच्या खिशातून पुडी काढली. म्हेत्रसांनी कोटातून काढली. दोघांनी हात पुढे केले. पण पाय न हलवता हात पोचेनात. दोघेही कमरेतून वाकले. वयाच्या मानानं फार वाकले. पुड्या एकमेकींपासून टिचभर लांब होत्या, आणि तेवढ्यात झेड ब्रिजवरून शेकडो आवाज आले, "आलंऽऽऽ!"

पाणी आलं. धो धो वगैरे काही नाही. चहा उतू जावा तसं गढूळ पाणी पुलावर चढलं आणि बुटांत शिरलं. दोन्ही टोकांनी शिट्ट्या सुरू झाल्या. "इकडे या!" "इकडे या!" आता घाबरलेला माणूस मागे वळून, दिशा ठरवून पळत नाही. तो तोंड असेल तिकडे पळतो. वरुट्यांची तोंडं शनिवार पेठेकडे होती. म्हेत्रसांची कोथरूडकडे.

मग काय झालं याबद्दल दोन्ही गावांत आजही दोन मतं आहेत. एवढं खरं, की शालननं इरकलीचा घोळ एका हातात धरला, रेघेवर पाय दिला आणि चंपाबाईंच्या शेजारून सरळ पुढे गेली. तिच्यामागे दुर्गाबाईंची खुर्ची. ती पुढून परचुऱ्यांनी आणि मागून पलीकडच्या हवालदारांनी उचलली होती. तिच्यामागे उत्तरेश्वरराव. त्याच वेळी उलट बाजूनं हुणशाळ मंडळाच्या ताठ टोप्या छपछप पाणी उडवत गेल्या. मधोमध दोन्ही बापांचा खांद्याला खांदा लागला. दोघांनीही सवयीनं "माफ करा" म्हटलं, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की आपण बोललो.

पेठेच्या काठावर पोचून त्यांनी मागे पाहिलं. पूल नव्हता. पलीकडच्या काठावर म्हेत्रस मंडळी टोप्या पिळत उभी होती.

"लकडी पुलावरून पटकन परत जाऊ," उत्तरेश्वरराव धापा टाकत म्हणाले.

"कुटं परत?" खुर्चीतून आवाज आला. "वलांडलं न्हवं? आता च्या घेतल्याबगर फिरायचं न्हाई."

"कुणाच्या घरी घ्यायचा, आत्या? ते सगळे तिकडे आपल्या बाजूला आहेत!"

"मग त्यास्नीबी आपल्या घरी घ्यावा लागंल," दुर्गाबाई म्हणाल्या. रीत म्हणजे रीत.

श्रद्धा आणि अभिनव झेड ब्रिजवरून आपापल्या स्कूटी घेऊन सुटले. कुणी कुठं जायचं हे त्यांनी ब्रिजच्या उतारावरच वाटून घेतलं. अभिनवनं शनिवार पेठेतल्या घराचं कुलूप उघडलं, भावी सासऱ्यांना बसवलं, अंगाला टॉवेल दिले आणि आत गेला. थोड्या वेळानं तो हातात ट्रे घेऊन बाहेर आला. ट्रेमधे पोहे आणि चहा. नजर खाली.

उत्तरेश्वरराव सोफ्यावर सावरून बसले. पोह्यांचा घास घेतला. मीठ जास्त होतं.

"स्वतः केलेस?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"अजून काय काय येतं?"

"मॅगी. आणि जावा." मग घाईघाईनं, "म्हणजे प्रोग्रॅमिंगमधलं जावा, काका. अजून शिकेन मी."

दुर्गाबाईंनी त्याला जवळ बोलावून चालून दाखवायला लावलं. परचुरे फक्त बघायला आले होते, त्यांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले.

एवढ्यात उत्तरेश्वररावांचा मोबाइल वाजला. श्रद्धाच्या नंबरवरून म्हेत्रस बोलत होते. पुलावर एकदा बोलून झालंच होतं, तरी दोघंही लाजत होते.

"वरुटेसाहेब, आम्ही तुमच्या घरी आहोत."

"हो हो. आम्ही तुमच्या घरी."

"पोहे छान झालेत हं श्रद्धाचे. बरं, तुमच्या वॉचमननं आमची नावं लिहून घेतली आणि सेक्रेटरींना विचारल्याशिवाय बाहेर सोडायला तयार नाही. आत सोडलं लगेच."

परचुऱ्यांनी फोन घेतला. "वॉचमनला सांगा, परचुरे म्हणाले सोड. आणि गाडी आणली असेल तर माझ्या जागेत लावू नका."

फोन ठेवल्यावर उत्तरेश्वरराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. नवे बूट बाहेर जिन्यात पाणी गाळत पडले होते. ते हळूच शालनला म्हणाले, "शालन, एक सांग. रेघेवर पहिला पाय तुझा पडला. म्हणजे ओलांडलं आपणच. पुन्हा."

शालननं पोह्यांतला शेंगदाणा शांतपणे चावला. "मी ओलांडलं कुठं? मी हुणशाळची. मी माझ्या माणसांत परत आले. ओलांडलं असेल तर ते तुम्ही."

या युक्तिवादाला पुण्यात उत्तर नाही. भीमेकाठीही नसावं.

आणि एक गोष्ट राहिली होतीच. गूळ. दोघांच्या पुड्या दोघांच्याच खिशात होत्या. "गूळ दिला-घेतला न्हाई, म्हंजे पूलभेट झाली न्हाई," दुर्गाबाई दाराबाहेर पडताना म्हणाल्या. अभिनवचा चेहरा उतरला. पुढचा रविवार म्हणजे भिडे पूल पाण्याखाली, त्याच्या पुढचा म्हणजे डॅलस. परवानगीचा कागदही एकदाचाच होता. त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवावा असं उत्तरेश्वररावांना वाटलं, आणि आपण अजून कोण या नात्यानं ठेवणार, असंही वाटलं. मग त्यांनी ठेवलाच.

पहिल्या रिक्षावाल्यानं "कोथरूड? मी पुलापलीकडे जात नाही," असं सांगितलं. दुर्गाबाईंनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. दुसरा तयार झाला. परचुरे, "मी चालत येतो, जास्त लवकर पोचेन," म्हणून खुर्ची डोक्यावर घेऊन निघाले आणि खरोखरच पुढे गेले.

संध्याकाळ झाली होती. पूर बघायला निघालेलं अख्खं पुणं लकडी पुलावर आलं होतं. रिक्षा इंचाइंचानं पुढे सरकत, पुलाच्या मध्यावर येऊन थांबली ती थांबलीच. समोरून येणारी रांगही तशीच थिजलेली. हॉर्न वाजत होते. उत्तरेश्वररावांनी वैतागून बाहेर डोकं काढलं, तर शेजारी, हाताच्या अंतरावर, उलट दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या रिक्षात शरच्चंद्र म्हेत्रस. पलीकडे चंपाबाई. कुणीच कुणाला ओलांडू शकत नव्हतं.

मग उत्तरेश्वररावांनी हळूच खाली पाहिलं. आपले पाय रिक्षात. त्यांचेही पाय रिक्षात. पुलाला कुणाचाच पाय लागलेला नव्हता.

"आत्या," ते डोकं आत घेऊन म्हणाले, "खाली पाणी आहे."

"दिसतंय."

"हा मध्य आहे."

"मग काय मुहूर्त बगतोस? दे की!"

उत्तरेश्वररावांनी ओलसर पुडी रिक्षाबाहेर धरली. म्हेत्रसांनी आपली धरली. या वेळी कुणालाच वाकावं लागलं नाही. गुळाचा पार पाक झाला होता, बोटांना चिकटला, पण पुड्या इकडच्या तिकडे झाल्या. "व्याहीबुवा!" म्हेत्रस म्हणाले. "व्याही!" उत्तरेश्वरराव एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पुढच्या पीएमटी बसच्या खिडकीतली माणसं वळून बघू लागली. चंपाबाई आणि शालन दोन्ही रिक्षांतून एकदम कानडीत बोलू लागल्या. मागच्या गाडीवाल्यानं कर्कश हॉर्न दिला. रिक्षावाला म्हणाला, "अहो काका, जिलबी वाटणार का आता? हात आत घ्या."

आणि सिग्नल सुटला. उत्तरेश्वररावांची रिक्षा गचका देऊन आधी निघाली.

दोन वीत गेली असेल नसेल, शालन म्हणाली, "आपली आधी हलली."

उत्तरेश्वररावांनी चिकट बोटं निवांत चाटली. तीस वर्षांत पहिल्यांदाच उत्तर तयार होतं.

"हलली तर हलली," ते म्हणाले. "ओलांडलं कुठं? आपण आपल्या घरी चाललोय."

शालननं तोंड उघडलं आणि मिटलं. रिक्षा डेक्कनला पोचली. मग पदरानं त्यांच्या हनुवटीवरचा गूळ पुसत एवढंच म्हणाली, "अभिनवच्या पोह्यांत मीठ जरा जास्तच होतं, नाही?"